रोजची भाकर, रोजची प्रार्थना

संकटातली प्रार्थना कोणाला शिकवावी लागत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस, रात्री उशिरापर्यंत मूल घरी आलं नाही म्हणून दारात उभी राहिलेली आई, सगळेच देवाचं नाव घेतात. अवघड असते ती दुसरी प्रार्थना. काही घडलेलं नसताना, एखाद्या साध्या मंगळवारी, गॅसवर दूध तापत असताना करायची. तीच बुधवारी करायची, गुरुवारी करायची, आणि अशी वर्षानुवर्षं करायची.

आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या प्रार्थनेविषयी, आणि तेही ख्रिस्ती घरांतल्या. मी मुसलमान. मग या विषयात माझं काय काम, असं आपल्याला वाटेल. मराठी घेऊन बी.ए. करताना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली, रेव्हरंड टिळकांच्या कविता वाचल्या. पुढे शेजारी आणि सहकारी म्हणून ख्रिस्ती माणसांची सोबत मिळाली. त्यांतल्या अनेकांनी कधी ना कधी एकच गोष्ट बोलून दाखवली, “भाई, तुमचं बरं आहे. अजान झाली की तुम्ही उठता. आमचा नेम काही टिकत नाही.”

अजान झाली की सगळेच उठतात असं नाही, हे आपल्यात ठेवू. पण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. नमाजाच्या पाच वेळा ठरलेल्या आहेत. एखादी नमाज राहून गेली तर ती कजा म्हणून नंतर अदा करायची असते. ख्रिस्ती माणसाला रविवारची उपासना आहे; कॅथलिकांना रविवारी मिस्साला जाणं बंधनकारकही आहे. पण रोज किती वाजता, किती वेळ आणि कोणत्या शब्दांत प्रार्थना करायची, हे सामान्य माणसाचं त्यानंच ठरवायचं. ही मोकळीक मोठी आहे. नेम मोडतो तो बहुधा याच मोकळिकीत.

खरं तर ठरलेल्या वेळांची परंपरा बायबलमध्येच आहे. दानिएलाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. तीस दिवस राजाखेरीज कोणाकडे काही मागायचं नाही, असा हुकूम निघाला. दानिएल घरी गेला, यरुशलेमच्या दिशेच्या खिडक्या उघड्या होत्या तिथं गुडघे टेकले, आणि दिवसातून तीन वेळा प्रार्थना केली. त्यासाठी त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं गेलं. सिंह आपल्या लक्षात राहतात. पण त्या गोष्टीत असंही सांगितलं आहे की हे सारं त्यानं नेहमीप्रमाणेच केलं. हुकूम आला म्हणून त्यानं प्रार्थना सुरू केली नव्हती. ती आधीपासून चालू होती, म्हणून त्या दिवशीही झाली.

‘दिदाखे’ नावाची एक छोटी ग्रीक पोथी आहे, ख्रिस्ती मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. अनेक शतकं ती हरवलेली होती. १८८३ साली छापून पुढे आली. येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी, असं तीत सांगितलं आहे. सहाव्या शतकात इटलीमध्ये संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. दिवसाच्या सात आणि रात्रीची एक अशा आठ प्रार्थना, आणि बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आठवडाभरात म्हणून व्हायची. प्रार्थनेची खूण झाली की हातातलं काम आहे तिथं ठेवायचं आणि निघायचं.

हे मठात जमतं. शेतात, गिरणीत, कचेरीत राबणाऱ्याला कसं जमावं? म्हणून पुढं काय झालं ते पाहा. १५४९ साली इंग्लंडमध्ये थॉमस क्रॅन्मर यांनी लोकांच्या भाषेत प्रार्थनेचं पुस्तक आणलं, तेव्हा त्या अनेक प्रार्थनांच्या दोन केल्या, सकाळची आणि सायंकाळची. स्तोत्रं आठवड्याऐवजी महिन्याभरात वाटली. विसाव्या शतकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चनंही आपल्या नित्य प्रार्थनेतली स्तोत्रं चार आठवड्यांवर पसरली. माप कमी केलं, पण रोजचा नेम तसाच ठेवला. आमच्याकडेही पैगंबरसाहेबांची शिकवण आहे की कर्म थोडं असलं तरी चालेल, सातत्यानं केलेलं असावं. नव्यानं नेम धरणारा माणूस नेमका याच्या उलट वागतो. एक तारखेपासून पहाटे चारला उठून तासभर बसायचं ठरवतो आणि दहा तारखेला सोडून देतो. दहाच मिनिटं ठरवली असती, तर महिनाअखेरीलाही ती शिल्लक राहिली असती.

प्रभूच्या प्रार्थनेतच या गोष्टीची खूण आहे. तीत भाकर मागितली आहे, तीही आजच्यापुरती. वर्षाचं धान्य मागितलेलं नाही. इस्राएल लोक रानातून चालले असताना आकाशातून मान्ना मिळे, ती कथा याच्याशी जुळते. मान्ना रोजचा रोज गोळा करायचा. उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडत. फक्त शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. आजच्यापुरतंच मागायचं म्हणजे उद्या पुन्हा येणं आलंच. रविवारी भरपूर प्रार्थना करून ती आठवडाभर पुरवता येत नाही, ती यामुळेच.

आता मुख्य अडचणीकडे येतो. माणसं नेम सोडतात ती आळसानं सोडतात, असं आपण समजतो. माझ्या ऐकण्यात वेगळं आलं. बरीच माणसं सोडतात ती काही वाटेनासं झालं म्हणून. सुरुवातीला मन भरून येई, डोळ्यांत पाणी येई. मग एक दिवस शब्द कोरडे होतात. मग असं कोरडं बोलणं म्हणजे ढोंग, त्यापेक्षा न केलेलं बरं, असं वाटू लागतं.

अशांनी स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसा यांचं आत्मचरित्र पाहावं. प्रार्थनेवर ज्यांच्याइतकं अधिकारानं फार थोड्यांनी लिहिलं, त्या बाई सांगतात की कित्येक वर्षं आपलं लक्ष देवापेक्षा घड्याळाच्या ठोक्याकडे असे. ठरलेला तास केव्हा संपतो असं होई. कोलकात्याच्या मदर तेरेसा १९९७ साली गेल्या. २००७ साली त्यांची पत्रं पुस्तकरूपानं आली, तेव्हा जग चकित झालं. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवली नव्हती. तरी त्या पहाटेच्या प्रार्थनेला बसतच राहिल्या. नेम असतो तो अशाच दिवसांसाठी. मन भरून आलेलं असतं तेव्हा नेमाची गरजच काय?

माझ्या परिचयात एक परिचारिका होत्या. दवाखान्यात पाळी दर आठवड्याला बदले, त्यामुळे घड्याळाची वेळ धरता येईना. मग त्यांनी प्रार्थना कामाला बांधून घेतली. ड्यूटीवर निघताना, चप्पल पायात घालण्याआधी, दाराशी पाच मिनिटं उभं राहायचं. सकाळ असो, रात्र असो. पुढे त्यांचा तरुण मुलगा गेला. त्या वर्षाविषयी त्या मला म्हणाल्या, “भाई, देवाशी बोलायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. राग तेवढा होता. पण दाराशी पाय आपोआप थांबायचे. मग लहानपणी पाठ केलेली प्रभूची प्रार्थना म्हणायचे. तिच्यात देवाची इच्छा पूर्ण होवो असं मागणं येतं ना, तेवढं गाळायचे. किती महिने गाळलं ते आठवत नाही. एकदा तोंडून निघून गेलं आणि रस्त्यात आल्यावर लक्षात आलं.”

पाठ केलेली प्रार्थना म्हणजे पोपटपंची, असं काही ख्रिस्ती मित्रांचं मत असतं. येशूनंही अर्थहीन बडबडीविरुद्ध बजावलं आहे, हे खरं. पण क्रुसावर शेवटच्या घटकेला त्याच्या तोंडी आले ते स्तोत्रांतले, पिढ्यानपिढ्या म्हटले गेलेले शब्द होते. म्हणून अनुभवी पाळक आणि धर्मगुरू दोन्ही सांगतात. आधी एखादं स्तोत्र किंवा प्रभूची प्रार्थना, मग आपले शब्द. त्यात स्तुती यावी, आपल्या चुकांचा कबुलीजबाब यावा, आभार यावेत, आणि इतरांसाठी मागणं यावं. इतरांची नावं घेतल्यानं नेमाला मोठा टेकू मिळतो. शेजारच्या आजारी माणसासाठी रोज प्रार्थना करीन असं एकदा कबूल केलं, की ती चुकवणं जड जातं.

आपल्या मराठीत असे पाठ करण्याजोगे शब्द भरपूर आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल इथं छापलं गेलं, ते ओवीत. माणसाच्या ओठांवर काय बसतं, हे त्या इंग्रज माणसानं ओळखलं होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाचा आणि भजनाचा हात धरला. त्यांची गीतं आजही मराठी मंडळ्यांत म्हटली जातात. पंडिता रमाबाईंनी अखेरच्या वर्षांत केडगावला बसून बायबलचं भाषांतर पुरं केलं, ते साध्या बायांना वाचता यावं म्हणून. आणि २०२४ साली आपल्यातून गेलेले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिलं.

वसईच्या जुन्या घरांत सायंकाळची रोझरी सगळ्यांनी मिळून म्हणायची रीत आहे. आजी सुरुवात करते, नातवंडं उत्तर देतात. एखादं पेंगतं, एखादं चुळबुळ करतं. पण माळ पुरी होते, कारण एकाचा नेम ढिला पडला तर दुसरा सावरतो. घरात असं कोणी नसेल, तर ज्यानं त्यानं एखादा सोबती शोधावा. आठवड्यातून एकदा, “चाललंय ना?” एवढं विचारणारं माणूस पुरे.

आणि तरी नेम मोडेल. पाहुणे येतील, आजारपण येईल, प्रवास होईल. चार दिवस चुकले की पाचव्या दिवशी लाज वाटते, आणि ती लाज महिना खाते. इथं ख्रिस्ती माणसाला एक सोय आहे, ती माझ्या मित्रांच्या लक्षात येत नाही. त्याच्या वहीत मागची बाकी नाही. देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती दिलेली असते, हे त्याच्या धर्माचं मूळ सांगणं आहे. चार दिवसांची प्रार्थना एकदम करून फेडायची नसते. पाचव्या दिवशी ठरलेल्या जागी बसायचं, आणि त्या दिवसाची तेवढी भाकर मागायची.