शेजारधर्माची अट
स्थित्यंतरातील युरोप : लेखांक ६

एकपक्षीय राजवटीतून लोकशाहीकडे आणि सरकारी नियोजनातून बाजारपेठेकडे निघालेल्या देशांना युरोपीय समुदायात (पुढे युरोपीय संघात) प्रवेश देण्यासाठी युरोपीय नेत्यांनी जून १९९३ मध्ये कोपनहेगन येथे कोणते निकष ठरवले, याची चर्चा मागील लेखांकात झाली. लोकशाही संस्थांचे स्थैर्य, चालती बाजार-अर्थव्यवस्था आणि सदस्यत्वाच्या जबाबदाऱ्या पेलण्याची क्षमता हे तिन्ही निकष ज्याने त्याने स्वतःपुरते पूर्ण करावयाचे होते. शेजाऱ्यांशी सहकार्य करण्याला त्यांत स्वतंत्र स्थान नव्हते. पुढे आग्नेय युरोपच्या बाबतीत मात्र प्रादेशिक सहकार्य ही सदस्यत्वाची उघड अट झाली. ही अट कशी आली आणि तिचे बळ कशावर अवलंबून असते, हा या लेखांकाचा विषय आहे.

मध्य युरोपातील देशांनी सहकार्याचा मार्ग आपणहून धरला. १५ फेब्रुवारी १९९१ रोजी हंगेरीतील डॅन्यूबकाठच्या विशेग्राड या गावी हंगेरीचे पंतप्रधान योझेफ अंताल, पोलंडचे अध्यक्ष लेक वालेसा आणि चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष वाक्लाव हावेल यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. १३३५ मध्ये याच ठिकाणी बोहेमिया, पोलंड आणि हंगेरीचे राजे भेटले होते, त्यामुळे स्थळाची निवड हेतुपूर्वकच होती. त्या दिवशी वॉर्सा करार कागदोपत्री अद्याप अस्तित्वात होता आणि तिन्ही देशांच्या भूमीवर सोव्हिएत सैन्य होते. तेव्हा जुन्या व्यवस्थेतून एकत्र बाहेर पडणे आणि पश्चिमेकडील संस्थांत एकमेकांच्या आधाराने शिरणे, हा या एकजुटीचा व्यवहारी अर्थ होता.

या राजकीय एकजुटीला व्यापाराची जोड देणे अपरिहार्य ठरले. सोव्हिएत गटाची आर्थिक संघटना असलेली कोमेकॉन १९९१ मध्ये विसर्जित झाली आणि कागदी रूबलमध्ये चालणारा परस्परांतील व्यापार कोसळला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात या देशांनी युरोपीय समुदायाशी प्रत्येकी वेगळे सहयोग करार केले. परंतु त्यातून एक विचित्र परिस्थिती उद्भवली. चाकाच्या आऱ्या तुंब्याला जोडलेल्या असतात पण एकमेकींना भिडत नाहीत, तसा प्रत्येक देश पश्चिम युरोपशी सवलतीच्या दराने जोडला गेला, तर शेजारच्या देशाच्या मालाला मात्र ती सवलत मिळेना. परिणामी पोलंडच्या बाजारात जर्मन यंत्राला हंगेरियन यंत्रापेक्षा सोपा प्रवेश मिळण्याची चिन्हे दिसू लागली. हा तोल सावरण्यासाठी २१ डिसेंबर १९९२ रोजी क्राकुव येथे मध्य युरोपीय मुक्त व्यापार करार झाला, जो त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सेफ्टा’ या नावाने ओळखला जातो.

तरीही या देशांच्या मनात एक धास्ती कायम होती. आपसांतले सहकार्य फार चांगले चालले, तर पश्चिम युरोप ‘तुमचे तुम्ही उत्तम चालवता आहात’ असे म्हणून आपल्याला उंबरठ्यावरच बसवून ठेवील, अशी ती धास्ती होती, आणि चेक पंतप्रधान वाक्लाव क्लाउस यांनी विशेग्राड गटाविषयी जो थंडपणा दाखवला त्यामागे हा विचारही होता. ती धास्ती खोटी ठरली, याचे कारण सदस्यत्वाचे आश्वासन विश्वासार्ह होते. १ मे २००४ रोजी पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया युरोपीय संघाचे सदस्य झाले आणि नियमानुसार त्याच दिवशी ‘सेफ्टा’तून बाहेर पडले. ज्यांनी करार घडवला त्यांच्यापैकी कोणीही त्यात उरले नाही, हेच त्या कराराचे यश होय.

युगोस्लाव्हियाच्या विघटनातून निघालेल्या देशांची स्थिती मुळातच वेगळी होती. तेथे शेजारी हा कालपर्यंतचा शत्रू होता आणि ‘प्रादेशिक सहकार्य’ हे शब्द ऐकताच मोडलेला युगोस्लाव्हिया मागच्या दाराने परत आणला जात असल्याचा संशय येई. क्रोएशियाने तर १९९७ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून, दक्षिण स्लाव्ह राज्यसंघ किंवा कोणत्याही स्वरूपाचे बाल्कन संघराज्य पुन्हा उभे राहू शकेल अशा प्रकारे इतर राज्यांशी संघटित होण्यास थेट मनाई केली. अशा वातावरणात सहकार्य आपोआप रुजणार नव्हते. कोसोव्होचे युद्ध संपत असताना, १० जून १९९९ रोजी कोलोन येथे आग्नेय युरोपसाठी ‘स्थैर्य करार’ मांडण्यात आला. त्यापाठोपाठ संघाने ‘स्थिरीकरण आणि सहयोग’ प्रक्रिया सुरू केली, ज्यात शेजाऱ्यांशी सहकार्य हे कराराचे कलमच झाले. त्या बदल्यात जून २००३ मध्ये थेसालोनिकी येथील परिषदेने या देशांचे भवितव्य युरोपीय संघातच असल्याचे जाहीर केले. अट आणि आश्वासन अशी ही दुहेरी वीण होती.

अटीमुळे बरेच काही घडले, हे मान्य केले पाहिजे. १९ डिसेंबर २००६ रोजी बुखारेस्ट येथे आग्नेय युरोपसाठी ‘सेफ्टा’चा नवा मसुदा स्वीकारला गेला आणि द्विपक्षीय करारांच्या गुंत्याच्या जागी एकच चौकट आली. २००५ मध्ये अथेन्स येथे झालेल्या ऊर्जा समुदाय करारामुळे वीज व वायू यांच्या बाजारांना संघाचे नियम सदस्यत्वाआधीच लागू होऊ लागले. पूर्वी एकाच देशात वाहणारी सावा नदी युगोस्लाव्हियाच्या फुटीनंतर आंतरराष्ट्रीय झाली, तेव्हा तिच्या वाहतुकीसाठी आणि पाण्यासाठी काठावरच्या देशांनी २००२ मध्ये संयुक्त करार केला. १ जुलै २०२१ पासून पश्चिम बाल्कनमधील सहा भागीदारांनी आपसांतील मोबाइल रोमिंगचे शुल्क रद्द केले.

तथापि, राजकीय दर्जाचा प्रश्न आला की हीच यंत्रणा अडखळते. कोसोव्होने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले, पण सर्बियाने आणि संघाच्या पाच सदस्यांनी ते मान्य केलेले नाही. त्याआधी झालेल्या बुखारेस्टच्या करारावर कोसोव्होच्या वतीने संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने सही केली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यात असे ठरले की, प्रादेशिक बैठकांत कोसोव्होच्या नावफलकावर नावापुढे तारांकन असावे आणि तळटिपेत, या नावामुळे दर्जाबाबतच्या कोणाच्याही भूमिकेला बाध येत नाही, असे नमूद करावे. या तडजोडीने बैठका सुरू राहिल्या, पण वाद मिटला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोसोव्होने सर्बिया आणि बोस्निया-हर्झेगोव्हिना येथील मालावर शंभर टक्के आयातशुल्क लादले, आणि मुक्त व्यापाराचा करार अस्तित्वात असूनही ते २०२० पर्यंत कायम राहिले.

दुसरी अडचण संघाच्या आतून येते. प्रवेशाच्या प्रत्येक टप्प्याला सर्व सदस्यांची संमती लागते, त्यामुळे जो शेजारी आधी आत गेला त्याच्या हाती मागून येणाऱ्याला रोखण्याचा अधिकार आपोआप पडतो. सागरी सीमेच्या वादावरून स्लोव्हेनियाने २००८–०९ मध्ये क्रोएशियाच्या वाटाघाटी अडवल्या. मॅसिडोनिया डिसेंबर २००५ पासून उमेदवार होता. ग्रीसचा आक्षेप दूर करण्यासाठी त्याने जून २०१८ च्या प्रेस्पा करारानुसार देशाचे नाव बदलून ‘उत्तर मॅसिडोनिया’ केले. एवढी किंमत मोजल्यानंतर आधी फ्रान्सने आणि मग नोव्हेंबर २०२० मध्ये, भाषा व इतिहासाच्या प्रश्नावरून, बल्गेरियाने वाट अडवली. वाटाघाटींचा औपचारिक प्रारंभ जुलै २०२२ मध्ये झाला खरा, परंतु घटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख करण्याची नवी अट सोबत आली. शेजारधर्म पाळणाऱ्यालाच असे ताटकळावे लागले, की इतरांनी त्यातून काय बोध घ्यावा, हे सांगण्याची गरज उरत नाही.

पश्चिम बाल्कनमधील सहकार्यासाठी २०१४ मध्ये सुरू झालेली बर्लिन प्रक्रिया आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये मांडलेली सहा अब्ज युरोंची विकास योजना यांचे मूल्यमापन याच पार्श्वभूमीवर करावे लागते. रस्ते, वीजवाहिन्या आणि सामायिक बाजारपेठ यांचा लाभ निर्विवाद आहे. परंतु सदस्यत्वाची तारीख दृष्टिपथात नसेल, तर हेच लाभ सदस्यत्वाऐवजी दिलेली भरपाई वाटू लागतात, आणि विशेग्राडच्या काळातील ती जुनी धास्ती येथे अनुभवाच्या आधाराने बळावते. प्रादेशिक सहकार्य सदस्यत्वाची पायरी म्हणून यशस्वी होते, पर्याय म्हणून नाही. १ जुलै २०१३ रोजी क्रोएशिया आत आला. त्यानंतरच्या पहिल्या दशकात एकाही नव्या देशाला संघात प्रवेश मिळाला नाही. या काळात वाटाघाटींत सर्वांत पुढे गेलेल्या माँटेनेग्रोचा विचार पुढील लेखांकात करावयाचा आहे.