भित्तिफलक, बाह्य

इमारतीच्या बाहेरील भिंतीवर कायम स्वरूपात बसविलेला व दुरून वाचता येणारा मोठा नामफलक अथवा जाहिरात फलक. भिंतीवर थेट रंगविलेली अक्षरे हा त्याचा जुना प्रकार होय. येथे धातूच्या सांगाड्यावर उभारलेल्या फलकाचा विचार केला आहे.

असा फलक स्वतःच्या वजनाने निखळतो, ही समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात निर्णायक ठरतो तो वारा. भारतीय मानकानुसार मुंबईसाठी मूलभूत वातवेग सेकंदास ४४ मी., तर पुण्यासाठी ३९ मी. धरतात. ४४ मी. वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौ. मी.ला सुमारे १,१६० न्यूटन भरतो. म्हणजे ६ मी. × ३ मी. फलकावर सु. २,१०० किग्रॅ. वजनाइतके बल येऊ शकते. फलकाचे स्वतःचे वजन याच्या अंशमात्रच असते. शिवाय वारा भिंतीला समांतर वाहताना तिच्या कडांजवळ शोषण निर्माण होते आणि फलक बाहेर ओढला जातो. ही ओढ शेवटी मोजक्या बोल्टांवर येते. म्हणून फलक इमारतीच्या अगदी कोपऱ्यालगत बसविणे टाळावे.

आकार वाढला की बल क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात कोसळलेला फलक भिंतीवरचा नसून जमिनीतील खांबांवर उभा होता. परंतु हे गणित त्यालाही लागू होते. तो १२० × १२० फूट होता, तर महानगरपालिकेची मर्यादा ४० × ४० फुटांची होती. म्हणजे क्षेत्रफळ नऊपट होते. त्या दुर्घटनेत १७ जण मृत्युमुखी पडले.

बोल्टाची पकड भिंतीच्या जातीवर अवलंबून असते. काँक्रीटमध्ये प्रसरणशील बोल्ट चालतात. विटांच्या भिंतीत मात्र ते विटा फोडतात. तेथे बोल्ट आरपार नेऊन आतील बाजूस पोलादी पट्टी द्यावी, किंवा रेझिनमध्ये बसविलेले बोल्ट वापरावेत. गिलाव्याची जाडी पकडीत धरू नये आणि विटांमधील सांध्यांत छिद्रे पाडू नयेत. कारागीर अनेकदा नेमकी तीच सोपी जागा निवडतात.

सांगाडा जस्तलेपित पोलादाचा असतो. समुद्रकिनारी ॲल्युमिनियम व पोलाद यांचा थेट स्पर्श झाल्यास ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते, म्हणून मध्ये नायलॉनची चकती घालतात. तापमान ३० अंश से.ने वाढल्यास ६ मी. लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सु. ४ मिमी., तर ॲक्रिलिकचा तक्ता १२ मिमी.हून अधिक वाढतो. त्यासाठी छिद्रे लांबट ठेवावी लागतात.

देवनागरी अक्षरांची घडण रोमनपेक्षा वेगळी पडते. शिरोरेषेमुळे संपूर्ण शब्द एकसंध घडविता येतो व ती रेषा तुळईसारखी उपयोगी पडते. मात्र सुटा अनुस्वार स्वतंत्र दांडीवर उभारावा लागतो. वेलांटी व उकार यांसाठी वर-खाली जागा सोडली नाही, तर अक्षरांचा मूळ भाग बारीक होतो. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने दुकानांच्या नामफलकांवरील मराठी अक्षरे इतर लिपींतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे ठरविल्यामुळे हा प्रश्न नित्याचा झाला आहे.

पोकळ अक्षरांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी छिद्रे ठेवतात. बोल्टाखाली भिंतीवर उतरलेला तांबूस ओघळ हे गंज आत शिरल्याचे बहुधा पहिले दृश्य लक्षण असते. तो दिसताच पावसाळ्यापूर्वी बोल्ट काढून तपासतात.