चकाकीखालचे पोलाद : मोटारसायकलच्या मुलाम्याची निगा

दरवर्षी जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जावा आणि येझ्दी या मोटारसायकलींचे चाहते आपापल्या जुन्या गाड्या घेऊन एकत्र जमतात. बेंगळुरूमध्ये या मेळाव्याला विशेष रंग चढतो, आणि त्याला कारणही आहे. या गाड्या जिथे तयार होत, तो आयडियल जावा कंपनीचा कारखाना बेंगळुरूपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर, म्हैसूरला होता. चेकोस्लोव्हाकियातील मूळ जावा कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले, पुढे गाडीला येझ्दी हे नाव मिळाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये नव्या गाड्यांवर पुन्हा अवतरले खरे. परंतु जुन्या गाडीची क्रोमने मढवलेली टाकी वा तिचे लांबट जुळे सायलेन्सर त्या कारखान्यातून आता पुन्हा यायचे नाहीत. जे आहे, ते राखणे एवढेच मालकाच्या हाती उरते. अशा गाड्यांचे मालक चकाकीविषयी इतके हळवे का असतात, हे यावरून समजावे.

गंमत अशी, की यातील बऱ्याच गाड्यांची चकाकी दुर्लक्षामुळे गेलेली नसून अतिउत्साहामुळे गेलेली असते. ती कशी, हे समजण्यासाठी मुलामा म्हणजे काय ते पाहावे लागेल.

हँडल, मडगार्ड, सायलेन्सर, चाकाची रिम हे भाग जुन्या गाडीत मुळात साध्या पोलादाचे असतात. पोलादावर प्रथम निकेलचा थर चढवतात आणि त्यावर क्रोमियमचा. निकेलचा थर साधारणपणे दहा ते पंचवीस मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ज्या क्रोमचे आपण कौतुक करतो, तो वरचा थर मात्र पाव ते अर्धा मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असतो. पोलादाचे गंजापासून रक्षण करण्याचे खरे काम निकेल करते. क्रोम हा त्याचा कठीण, निळसर झाक असलेला पहारेकरी. क्रोम अतिशय कठीण असल्याने सहजासहजी झिजत नाही, परंतु पॉलिशमधील बारीक कण वर्षानुवर्षे घासत राहिले की पाव मायक्रॉन किती दिवस पुरणार? मग एके दिवशी हँडलवर पिवळसर छटा दिसू लागते. मालक तिला मळ समजून आणखी जोराने घासतो. प्रत्यक्षात ते उघडे पडलेले निकेल असते.

ज्यांच्या घरी पितळी भांड्यांना कल्हई लावून घेण्याची पद्धत होती, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कल्हईचे पातेले आतून काथ्याने खसाखसा घासले, की तळाशी पितळ डोकावू लागे. फरक इतकाच, की कल्हईवाला दारावर येत असे. क्रोमचा मुलामा रस्त्यावर बसून चढवता येत नाही.

याच कारणाने तांब्या-पितळेसाठीचे पॉलिश, चिंच, राख किंवा भांड्यांची पावडर क्रोमला लावू नये. तारेची घासणी तर मुळीच नको. तिचे लोखंडी कण पृष्ठभागाच्या सूक्ष्म भेगांत अडकून राहतात आणि स्वतःच गंजू लागतात. नित्याच्या सफाईला वाहनांसाठी मिळणारा सौम्य शॅम्पू, पाणी आणि मऊ सुती फडके यांवर काही लागत नाही. ओशट डाग असल्यास फडक्यावर थोडे रॉकेल घेऊन पुसावे आणि नंतर शॅम्पूच्या पाण्याने धुवावे.

गंजाचे तपकिरी ठिपके पडले असतील, तर उपाय स्वयंपाकघरातच सापडतो. पोळ्या गुंडाळण्याच्या ॲल्युमिनियमच्या चंदेरी कागदाचा बोळा करून तो पाण्यात भिजवावा आणि ठिपक्यावर हलक्या हाताने फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने मुलाम्यावर ओरखडा पडण्याची भीती फार थोडी, आणि गंज मात्र तपकिरी चिखलासारखा सुटून येतो. तो पुसून जागा धुवावी, पूर्ण कोरडी करावी व वाहनाचे मेण, म्हणजे वॅक्स, लावावे. गंज गेला तरी तिथे सुईच्या टोकाएवढे भोक उरलेले असते, हे विसरू नये. पाणी त्याच भोकातून पोलादापर्यंत पोहोचले होते आणि मेणाने ते बुजवले नाही, तर पुढच्या पावसात पुन्हा पोहोचेल. हा प्रयोग फक्त क्रोमवर करावा. रंगावर किंवा ॲल्युमिनियमच्या भागांवर नव्हे.

बेंगळुरूची हवा धातूंना तशी मानवते. समुद्र दूर असल्याने मुंबई-कोकणासारखी खारी हवा येथे नाही. अडचण पाण्याची आहे. शहराला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून चढवून आणावे लागते, आणि जिथे ते अपुरे पडते, तिथे कूपनलिकांवर भिस्त. असे पाणी पुष्कळदा जड असते. ते क्रोमवर आपोआप वाळू दिले, तर पाणी उडून जाते आणि क्षारांचे पांढरे ठिपके मागे राहतात. मार्च २०२४ च्या टंचाईत तर शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठेवला होता. त्यावेळी अनेकांची गैरसोय झाली. पण नळीने धो धो पाणी सोडण्याची मोटारसायकलला गरजच नसते, हेही तितकेच खरे. दोन छोट्या बादल्या पुरतात. एकीत शॅम्पूचे पाणी, दुसरीत फडके खळबळून घेण्याचे साधे पाणी. फडक्यात अडकलेली धूळ हीच ओरखड्यांची जननी असल्याने दुसरी बादली महत्त्वाची. इंजिन थंड झाल्यावरच सुरुवात करावी आणि शेवटी कोरड्या फडक्याने प्रत्येक सांधा टिपून घ्यावा. धुण्यापेक्षा पुसण्याला अधिक वेळ गेला, तर काम बरोबर झाले असे समजावे.

नवरात्रातील आयुधपूजेचा येथे वेगळा उल्लेख करायला हवा. आपल्याकडील खंडेनवमीप्रमाणेच कर्नाटकात या दिवशी वाहने धुऊन, फुले वाहून पूजली जातात, चाकाखाली लिंबू चिरडले जाते. हा काळ बेंगळुरूत भर पावसाचाही असतो. ओले हळदकुंकू आणि लिंबाचा रस हँडलवर, हेडलाइटच्या कडेवर तसाच आठवडाभर राहिला, तर लिंबातील आम्ल मुलाम्याच्या भोकांतून खालच्या पोलादाला खाऊ लागते. पूजेनंतर दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने एकदा पुसून घेतल्यास श्रद्धेत काही उणे येत नाही.

चकाकणारे सगळेच क्रोम नसते. जुन्या जावाच्या किंवा बुलेटच्या इंजिनाची आवरणे बहुतांशी घासून चकचकीत केलेल्या ॲल्युमिनियमची असतात आणि त्यांचा स्वभाव अगदी निराळा. तिथे मुलामा नसतो. धातू स्वतःच उघडा असतो आणि पॉलिशने त्याला पुन्हा तेज आणता येते. पॉलिश करताना फडके काळे होते, ते मळामुळे नव्हे. तो घासून निघालेल्या ॲल्युमिनियमचा रंग. फडके काळे होत नसेल, तर त्या भागावर पारदर्शक लाखेचा लेप असण्याची शक्यता मोठी. अलीकडच्या गाड्यांत तो सर्रास असतो. मग पॉलिश लगेच थांबवावे, कारण तिथे झिजतो तो लेप. ॲल्युमिनियमला धुण्याच्या सोड्याचे मात्र मोठे वावडे. सोड्याच्या पाण्याने ॲल्युमिनियमचे पातेले कसे काळवंडते, हे घरोघरी ठाऊक आहे. इंजिनाचेही तेच होते.

सायलेन्सरची कथा सर्वांत वेगळी, कारण त्याला बाहेरून कितीही जपले तरी तो आतून कुजतो. एक लिटर पेट्रोल जळते, तेव्हा जवळजवळ तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि वाफ बाहेर पडते. घरापासून बाजारापर्यंत किलोमीटर-दीड किलोमीटरच्या फेऱ्या केल्या, तर ती आतच थंड होऊन साठते आणि पोलाद आतून गंजू लागते. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी सलग चालवणे, हा यावरचा सोपा उपाय. इंजिनाजवळच्या नळीवर येणारी निळी-सोनेरी झाक हा गंज नव्हे, तो उष्णतेचा परिणाम होय. ती घासत बसण्यात अर्थ नाही. या नळीवर मेणही लावू नये. ते जळून डाग पडतो.

गंज आणि झीज यांची भरपाई वाहन विम्यातून मिळत नाही, हे ग्राहकांनी ध्यानात ठेवावे. सर्वसाधारण पॉलिसीत ती स्पष्टपणे वगळलेली असते. त्यामुळे मुलामा गेलाच, तर पुन्हा चढवण्याचा खर्च खिशातूनच करावा लागतो. जुना मुलामा उतरवून, खड्डे भरून, पोलाद आरशासारखे घासून घेतल्यावरच नवे निकेल नीट बसते. स्वस्तात काम करून देणारा याच पायऱ्या गाळतो किंवा निकेल पातळ देतो. नवा भाग पहिल्या दिवशी सारखाच चमकतो. फरक पुढच्या पावसाळ्यात कळतो. म्हणून दर विचारण्यापूर्वी निकेलचा थर किती जाडीचा देणार, हे विचारावे.

या खर्चाला आणखी एक बाजू आहे. क्रोमच्या मुलाम्यासाठी बहुधा क्रोमिक आम्ल वापरतात आणि त्यातील क्रोमियमचे रूप विषारी व कर्करोगकारक असते. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत मुलाम्याचे अनेक लहान कारखाने आहेत आणि त्या परिसराच्या भूजलात हे क्रोमियम आढळलेले आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याकडेच काम द्यावे, चार पैसे अधिक गेले तरी.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर ती धुऊन पूर्ण वाळवावी, क्रोमवर मेणाचा हात फिरवावा आणि सुती चादर पांघरावी. प्लॅस्टिकचे आच्छादन टाळावे. त्याखाली रात्रीचा दमटपणा कोंडून राहतो आणि सकाळी टाकीवर दव जमते.