बोली आणि शिक्कामोर्तब

अवसायनात गेलेल्या कंपनीची मालमत्ता लिलावात बोली लागली म्हणून विकली गेली असे होत नाही. कोर्टाने ती विक्री कायम करावी लागते. १९५६ च्या कंपनी कायद्याखालील प्रकरणांत उच्च न्यायालयाचा अधिकृत अवसायक, वकिलांच्या बोलीत ‘ओएल’, कारखान्याला सील ठोकून पहारेकरी बसवतो. पहाऱ्याचा खर्च शेवटी त्याच मालमत्तेतून निघतो, आणि गंजत्या यंत्रांचा भाव दर पावसाळ्यात उतरतो तो वेगळाच. मूल्यांकन, जाहिरात, ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट, बयाणा, सीलबंद निविदा हे सगळे ठरलेले.

रंग चढतो तो न्यायाधीशांसमोर. पाकिटे फुटतात, सर्वांत मोठा आकडा वाचला जातो आणि हजर बोलीदारांना तिथेच विचारणा होते : कोणी वाढवतो का? वकील मागे वळून अशिलाशी कुजबुजतात. पाकिटातला ‘अंतिम’ आकडा बघता बघता मागे पडतो. कामगारांचा वकील आणि बँकेचा वकील, दोघांचेही कान त्या आकड्याकडे असतात, कारण १९८५ साली आलेल्या कलम ५२९-अ ने कामगारांची देणी आणि तारणधारक बँका एकाच पंगतीला बसवल्या. मालमत्ता कवडीमोलाने जाऊ नये यासाठीच मंजुरीची अट आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये नवलखा अँड सन्स प्रकरणात स्पष्ट केले.

पण विक्री कायम झाल्यावर कोणी जास्त पैसे घेऊन आला तर? दिव्या मॅन्युफॅक्चरिंग प्रकरणात (२०००) १.३० कोटींची विक्री कायम झाल्यावर २ कोटींचा देकार आला. ताबा दिलेला नव्हता, विक्री मोडली. गुजरातच्या हिंदुस्तान नायट्रो प्रॉडक्टच्या मालमत्तेचे उलटे झाले. ३.५१ कोटींची विक्री २००३ मध्ये कायम झाली, मग कोणी ३.७५ कोटी म्हणाले, कोणी ५ कोटी. उच्च न्यायालयाने मंजुरी मागे घेतली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. फसवणूक नसताना असे लिलाव मोडू लागले तर एकही लिलाव कधी पुरा व्हायचा नाही, हा युक्तिवाद बिनतोड आहे. तरी ३.५१ आणि ५ यांतले अंतर खरेदीदाराच्या पदरात पडले, धनकोंच्या नव्हे.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत लिलाव ऑनलाइन होतो आणि त्याला सहसा कोर्टाची मोहोर लागत नाही. कंपनीशी संबंधित व्यक्तीला खासगी विक्री करायची असेल, तर मात्र अवसायकाला न्यायाधिकरणाची आगाऊ परवानगी घ्यावी लागते.