वर्षभराचा अभ्यास

गेल्या दिवाळीतली गोष्ट. फराळाचे ताट पुढे आले, तेव्हा माझ्या पुतणीने एक चकली नि एक करंजी उचलून घेतली आणि ताट मागे सारले. पोरगी सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरीला. म्हणाली, "काका, यंदा वर्षभर तयारी करणार आहे मी. स्पर्धेत उतरायचंय."

स्पर्धा कसली, तर क्रॉसफिटची! धाकट्या भावाचा चेहरा उतरला. "दादा, तूच समजाव हिला. लग्नाचं वय, आणि ही लोखंड उचलत बसणार!" मी पडलो मराठीचा प्राध्यापक, समजावणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. कामगिरी पत्करली.

आधी विषय समजून घेतला. 2007 साली कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅरोमस गावी, एका मळ्यावर, या स्पर्धांना प्रारंभ झाला. धावणे, वजने लावलेला दांडा डोक्यावर उचलणे, आडव्या बारला लोंबकळून अंग वर खेचणे, दोरावर चढणे, यंत्रावर वल्ही मारणे, सारेच त्यात येते. 2011 पासून पहिली फेरी जगभरचे स्पर्धक आपापल्या गावीच देतात. गंमत अशी, की कोणता व्यायाम किती करायचा हे आधी कळतच नाही. गुरुवारी प्रश्नपत्रिका जाहीर व्हायची, सोमवारपर्यंत ती सोडवायची!

हे ऐकले आणि मी चपापलो. आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंच घोकून पास होणारी मुले मी वीस वर्षे पाहतो आहे. प्रश्नच ठाऊक नसतील, तर वर्षभर अभ्यास करण्यावाचून गत्यंतर काय?

तरी एक शंका होतीच. "अगं, रोज एवढी मेहनत? शरीर आहे की यंत्र?"

तिने वही पुढे केली. वर्षाचे भाग पाडलेले होते. आधी जड वजने, थोड्या आवृत्त्या. मग दम वाढवायचा. स्पर्धा जवळ आली की सारे एकत्र. दर चौथ्या आठवड्याला भार हलका. स्पर्धा आटोपल्यावर दोन आठवडे नुसते पोहणे नि चालणे. आणि दर गुरुवारी व रविवारी एकच शब्द : विश्रांती.

"काका, मेहनतीनं अंग थकतं. भरून येतं ते झोपेत नि जेवणात. म्हणून सुट्टीसुद्धा लिहून ठेवायची."

जानेवारीत तिचा खांदा दुखू लागला. स्पर्धा महिन्यावर आलेली. ही आता हट्टाला पेटणार, असे मला वाटले. पण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तीन आठवडे तिने डोक्यावर वजन नेले नाही. पहाटे पाचला जायची, उठाबशा काढायची, आणि इतरांनी वजने उचललेली पाहत राहायची. ते पाहणे उचलण्याहून जड गेले असेल. तालमीत वस्ताद 'आज आखाड्यात उतरू नकोस' म्हणतो आणि पठ्ठा ऐकतो. इथे वस्तादही तीच नि पठ्ठाही तीच!

मार्चमध्ये निकाल लागला. पुढच्या फेरीत तिचा नंबर लागला नाही. "झाली ना हौस?" भाऊ म्हणाला. ती बोलली नाही. दोन आठवडे पोहायला गेली, वहीत लिहिले होते तशीच. तिसऱ्या सोमवारी सकाळी भावाचा फोन आला. "दादा, पहाटे पाचला गेली बघ." आवाजात राग नव्हता. जरा थांबून म्हणाला, "येईल आता. दूध तापवून ठेवलंय."

तेव्हा वाचकहो, माझी कामगिरी साफ फसली. इतकेच नव्हे, तर जूनमध्ये कॉलेज उघडले तेव्हा मी कपाटातली पिवळी पडलेली टिपणे बाहेर काढली. त्याच टिपणांवर पंधरा वर्षे वर्ग काढले होते. यंदा दर आठवड्याला निदान एक तास नव्याने वाचून तयार करतो. कधी जमते, कधी नाही. पण जे होते ते वहीत लिहून ठेवतो.