थेंब गोल झाला म्हणजे रंग वाचला?

वॅक्स, सीलंट आणि सिरॅमिक कोटिंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवी गाडी ताब्यात घेताना शोरूमच्या हिशेबाच्या कागदावर विम्याच्या आसपास ‘पेंट प्रोटेक्शन’ अशी एक ओळ बहुधा असतेच. कुणी तिला टेफ्लॉन म्हणतं, कुणी सिरॅमिक, आणि आता ग्राफीनही आलं आहे. डिटेलिंगवाला बॉनेटवर पाण्याचा फवारा मारतो, टपोरे थेंब घरंगळताना दाखवतो आणि गिऱ्हाईक पाकिटाकडे हात नेतं. काही शे रुपयांची वॅक्सची डबी असो की काही हजारांचं कोटिंग, सगळ्यांची जाहिरात त्या थेंबाच्या भरवशावर चालते. थेंब खोटं बोलत नाही, पण आपण त्याला नको तो प्रश्न विचारतो.

आधी गाडीच्या रंगाची रचना पाहू. पत्र्यावर सगळ्यात खाली विजेच्या प्रवाहाने बसवलेला गंजरोधक थर असतो. त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग देणारा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सातवा ते दहावा हिस्सा. त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला ३५ ते ५० मायक्रॉन येतात. गाडीची चकाकी त्याची, आणि ऊन सोसणारी रसायनंही त्यातच मिसळलेली. वॅक्स बसतं ते या क्लिअर कोटवर, आणि त्याची जाडी एका मायक्रॉनहूनही कमी भरते. एवढा आकडा लक्षात ठेवला तरी बाजारातले निम्मे दावे आपले आपण तपासता येतात.

गैरसमज : थेंब जितका गोल, तितकं संरक्षण जास्त

वस्तुस्थिती : पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ असते. पृष्ठभागाची ओढ त्याहून कमी पडली की पाणी पसरत नाही, आकसून थेंब होतं. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, त्यावरून हे मोजतात. कोन ९० अंशांच्या खाली असेल तर पाणी पसरतं, वर गेला तर थेंब उभा राहतो. उघड्या क्लिअर कोटवर तो सहसा नव्वदच्या खाली असतो. वॅक्स, सीलंट आणि सिरॅमिक हे तिन्ही त्याला साधारण ९० ते ११० अंशांच्या पट्ट्यात नेतात. गुळगुळीत पृष्ठभागावर नुसत्या रसायनाच्या जोरावर हा कोन १२० च्या फारसा पुढे जात नाही. म्हणजे साध्या वॅक्सचा थेंब आणि महागड्या कोटिंगचा थेंब यांतला फरक जाहिरातीत दिसतो तेवढा मोठा नसतो.

अळवाच्या पानावर मात्र हा कोन १५० अंशांपलीकडे जातो. त्या पानावर मेणाचं आवरण असतंच, शिवाय डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. उंचवट्यांमधल्या हवेवर थेंब अक्षरशः तरंगतो, म्हणून पान हललं की पाणी गेलं. गाडीचा रंग चकाकतो तो गुळगुळीत असल्यामुळे, तेव्हा अळवाची करामत तिथे जमणं अवघड.

आता मुद्द्याचं. थेंब एवढंच सांगतो की वरच्या थराला पाण्याची ओढ कमी आहे. तो थर किती टिकेल आणि पक्ष्याची विष्ठा किती वेळ सोसेल, हे थेंबावरून कळत नाही. सिलिकॉन तेल असलेलं एखादं स्वस्त ग्लेझ पुसलं तरी चार दिवस झकास थेंब पडतात. उलटही घडतं. धूळ आणि धुराचा चिकट थर बसला की चांगल्या वॅक्सवरचे थेंबही चपटे होतात आणि आपल्याला वाटतं वॅक्स उडालं. गाडी शाम्पूने नीट धुतली की थेंब पुन्हा दिसू लागतात.

शिवाय उभा राहिलेला थेंब हा फायदाच असतो असंही नाही. बॉनेट आणि टपाच्या सपाट भागावर तो जागीच सुकला, तर बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार एका ठिपक्यात गोळा होऊन पांढरा डाग पडतो. थेंबाचं भिंग होऊन उन्हाने रंग जळतो, अशी समजूत आहे. सपाट जागी टेकलेल्या थेंबातून प्रकाश एकवटतो तो त्या पृष्ठभागाच्या खाली. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये पानांवर हे तपासलं, तेव्हा गुळगुळीत पानांवर थेंबांमुळे भाजल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. डाग पडतो तो क्षारांचा, आणि तो टाळायचा तर धुतल्यावर गाडी कोरडी करायला हवी. म्हणून थेंबाच्या गोलाईपेक्षा पाणी किती सहज निथळून जातं, ही खूण अधिक कामाची.

गैरसमज : डबीवर ‘शंभर टक्के कार्नुबा’ म्हणजे आत निव्वळ कार्नुबा

वस्तुस्थिती : ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या मुलखात एक ताडासारखं झाड वाढतं. कडक उन्हात पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते पानांवर मेण धरतं. पानं तोडून, वाळवून, झोडपून ते मेण काढतात. हे कार्नुबा ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, तर मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांनाच. खाण्याच्या गोळ्यांवर आणि औषधांच्या टिकल्यांवर जी चमक असते, तीही पुष्कळदा कार्नुबाची.

नैसर्गिक मेणांत सगळ्यात कडक म्हणून त्याचं नाव आहे, आणि नेमकं त्यामुळेच ते निव्वळ रूपात गाडीला लावता येत नाही. फडक्याला ते दगडासारखंच लागेल. पसरावं म्हणून त्यात द्रावक, तेलं आणि मऊ मेणं मिसळावी लागतात, आणि कार्नुबाचं प्रमाण निम्म्याहून बरंच कमी राहतं. ‘शंभर टक्के’ याचा अर्थ एवढाच, की आत जो काही कार्नुबा आहे तो अस्सल आहे. गडद रंगाच्या गाडीवर त्याची झळाळी खोल आणि उबदार दिसते, यात वाद नाही. पण टिकाव काही आठवड्यांचा. मे महिन्यात उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पत्रा ७० अंशांपुढे सहज जातो. तिथे हे मेण आणखी लवकर विरतं.

कृत्रिम पॉलिमरचं सीलंट दिसायला थोडं कोरडं, काचेसारखं वाटतं, पण काही महिने टिकतं. ज्यांना दर महिन्याला हौसेने वॅक्स करायला जमत नाही, त्यांच्यासाठी तेच व्यवहाराचं.

गैरसमज : टेफ्लॉन कोटिंग म्हणजे तव्यावर असतं तेच

वस्तुस्थिती : तव्यावरचं टेफ्लॉन, म्हणजेच पीटीएफई, ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. तव्यावर ते पक्कं बसवायला त्याहून जास्त तापमानाची भट्टी लागते. सर्व्हिस सेंटरमध्ये दोन तासांत मशिनने घासून गाडीला तेवढी उष्णता देता येत नाही, दिली तर रंगच उरणार नाही. त्या नावाखाली जे लावलं जातं ते प्रत्यक्षात पॉलिमर सीलंट असतं. कधी त्यात पीटीएफईचे कण मिसळलेले असतात, पण ते तव्यासारखे रंगाला जोडले जात नाहीत. सीलंट म्हणून त्याचा उपयोग आहेच. किंमत मात्र सीलंटची मोजावी.

गैरसमज : सिरॅमिक केलं की ओरखडे नाहीत आणि धुण्याची कटकटही नाही

वस्तुस्थिती : सिरॅमिक कोटिंगमध्ये सिलिकॉनची संयुगं असतात. ती हवेतल्या बाष्पाशी क्रिया करून घट्ट होतात आणि क्लिअर कोटला धरून बसतात. वॅक्स नुसतं वर टेकलेलं असतं, म्हणून वॉशिंग सेंटरच्या कडक अल्कधर्मी फोमने ते लवकर जातं. सिरॅमिक अशा रसायनांना सहजासहजी दाद देत नाही. नीट लावलं आणि नीट धुतलं तर ते वर्षाहून अधिक काळ काम देतं. इथपर्यंतचा दावा खरा.

पुढे येतो ‘नाइन एच’. ही हिऱ्याच्या पट्टीतली कठीणता नव्हे. हा पेन्सिलचा क्रमांक आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर दाबून ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने तो खरवडला जातो ते पाहतात. या चाचणीतली सगळ्यात कडक पेन्सिल ९एच. पण रस्त्यावरच्या धुळीत पेन्सिली नसतात, क्वार्ट्झचे कण असतात, आणि ते पेन्सिलीहून कितीतरी कठीण. सोसायटीत रोज पहाटे एकाच बादलीत बुडवलेल्या फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात. ते फडकं कोटिंगवरही उन्हात दिसणारं रेघांचं जाळं विणतं. साधारण एका मायक्रॉनचा थर महामार्गावर उडालेला खडा अडवू शकत नाही. त्यासाठी दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लागते, आणि तिचा खर्च वेगळा. ग्राफीन म्हणून विकली जाणारी बरीच कोटिंग्ज मुळात सिरॅमिकच असतात, त्यात ग्राफीन ऑक्साइड थोडं मिसळलेलं.

धुणं सोपं होतं, संपत नाही. शिवाय वॉरंटीच्या कागदात ठरावीक मुदतीने मेंटेनन्सला येण्याची अट बहुधा असते. ती पैसे देण्याआधी वाचावी.

गैरसमज : वॅक्समुळे ऊन आणि गंज दोन्ही थांबतात

वस्तुस्थिती : अतिनील किरण अडवण्याचं मुख्य काम क्लिअर कोटमधली रसायनं करतात. मायक्रॉनच्या अंशाएवढं वॅक्स तिथे फार तर हातभार लावेल. गंज लागतो तो गाडीच्या पोटाखाली, पत्र्याच्या सांध्यांत आणि खड्याने रंग उडालेल्या जागी. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी बॉनेटच्या वॅक्सपेक्षा अंडरबॉडी कोटिंगकडे आणि पावसाळ्यानंतर खालून धुण्याकडे लक्ष द्यावं.

वॅक्सचं खरं काम वेगळं आहे. विष्ठा, झाडाचा चीक, बेसमेंट पार्किंगच्या स्लॅबमधून ठिबकणारं चुन्याचं पाणी हे सगळं आधी त्याच्यावर पडतं. ते झिजतं आणि क्लिअर कोटला थोडी सवड मिळते. ही सवड तासांची असते, महिन्यांची नव्हे. विष्ठा दिसली की ओल्या फडक्याने भिजवून, न घासता उचलायची, मग वर कुठलंही कोटिंग असो.

गैरसमज : पॉलिश आणि वॅक्स एकच, जितक्या वेळा कराल तितकं चांगलं

वस्तुस्थिती : वॅक्स वर थर देतं, पॉलिश थर काढतं. रबिंग आणि पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ते क्लिअर कोटचा वरचा भाग खरवडून ओरखडे नाहीसे करतात. ३५ ते ५० मायक्रॉनच्या पुंजीतून हा खर्च होतो आणि तो भरून येत नाही. दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिशिंग’ला हो म्हणणाऱ्याची गाडी काही वर्षांत कडांवर पांढुरकी दिसू लागते. वॅक्सचे थरावर थर चढवूनही जाडी वाढत नाही. दुसऱ्या हातातलं द्रावक पहिला हात बराचसा विरघळवतं. सुटलेल्या जागा भरायला दुसरा हात ठीक, तिसरा वाया.

गैरसमज : नव्या गाडीला सहा महिने वॅक्स लावू नये

वस्तुस्थिती : कारखान्यात रंग सुमारे १४० अंशांच्या भट्टीत पक्का होतो, त्यामुळे गाडी घरी आली त्या आठवड्यातही वॅक्स चालतं. थांबायचं ते गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेल्या भागासाठी. त्या रंगातली द्रावकं बाहेर पडायला काही आठवडे लागतात. किती, ते रंगाऱ्याला विचारावं.

मग निवड कशी करायची?

स्वतः तपासावं. बॉनेट धुऊन कोरडं करा, मधोमध मास्किंग टेप लावा, एका बाजूला एक उत्पादन, दुसऱ्या बाजूला दुसरं. पहिल्या दिवशीचे थेंब पाहू नका, तेव्हा सगळेच पास होतात. नेहमीच्या पद्धतीने गाडी धुवत राहा आणि पाचव्या, दहाव्या धुण्यानंतर दोन्ही बाजूंनी पाणी किती वेगाने निथळतं ते पाहा. धूळ कोणत्या बाजूची सहज सुटते, तेही बघा.

गाडी सावलीत उभी राहत असेल आणि हाताने जोपासण्याची आवड असेल तर कार्नुबा. बाहेर उभी राहत असेल आणि वर्षात दोन-तीनदाच वेळ मिळत असेल तर सीलंट, एक हात मृगाच्या आधी, एक दिवाळीला. गाडी पाच-सात वर्षं ठेवायची असेल आणि धुणं आपल्या ताब्यात असेल, तरच सिरॅमिकचे पैसे वसूल होतात. आणि गाडी रोज दुसऱ्याच्या फडक्याने पुसली जात असेल, तर आधी दोन चांगले मायक्रोफायबर, एक वेगळी बादली आणि शाम्पूची बाटली घ्या. रंग वाचवण्यात त्यांचा वाटा कोणत्याही कोटिंगहून मोठा आहे.