एका अमिनो आम्लाने पालटलेली घडी

प्रथिनाची घडी त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून ठरते, हे ख्रिश्चन अँफिन्सेन यांनी १९६० च्या आसपास रायबोन्यूक्लिएज या विकरावर दाखवून दिले. रसायनांनी उलगडलेली साखळी ती रसायने काढून घेताच आपोआप मूळ आकारात बसली आणि कामालाही लागली. यासाठी १९७२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. क्रमात किती फेरफार झाला की घडी बदलते, हा प्रश्न मात्र शिल्लक होता.

निसर्गातली उदाहरणे पाहता घडी चांगलीच चिवट दिसत होती. मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिनच्या साखळ्यांचे क्रम जेमतेम पाव हिस्सा जुळतात, तरी घडी एकच. सिकलसेल या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. त्याने रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी विळ्यासारखी वाकते. पण सुट्या रेणूची घडी जवळपास तशीच राहते. तेव्हा निम्मा क्रम जुळला की घडी तीच, असे धरून चालण्याचा प्रघात पडला.

१९९४ मध्ये जॉर्ज रोझ आणि ट्रेव्हर क्रीमर यांनी नेमके यालाच आव्हान दिले. निम्मा क्रम कायम ठेवून एका प्रथिनाला दुसऱ्याची घडी द्या आणि हजार डॉलर घ्या! पैजेला नाव दिले किमयागार पॅरासेल्ससचे. येल विद्यापीठात लिन रेगन यांच्या गटाने १९९७ मध्ये ती जिंकली. मुख्यतः बीटा शीटचे (शेजारीशेजारी लागलेल्या पट्ट्यांचे) असलेले प्रथिन त्यांनी रॉप या प्रथिनासारख्या चार हेलिक्सच्या (मळसूत्री वळणांच्या) जुडीत बदलले आणि दोन तोंडांच्या रोमन देवावरून त्याचे नाव ठेवले जॅनस.

मेरीलँडमध्ये फिलिप ब्रायन आणि जॉन ऑर्बन यांनी तर पन्नास टक्क्यांची अटच किरकोळ ठरवली. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या 'प्रोटीन जी'मधले दोन भाग त्यांनी घेतले. त्यातला 'जीए' रक्तातल्या अल्ब्युमिनला धरतो आणि त्याच्या घडीत तीन हेलिक्स असतात. 'जीबी' प्रतिपिंडांना धरतो आणि त्याच्या घडीत चार बीटा पट्ट्या व एक हेलिक्स असते. ५६-५६ अमिनो आम्लांच्या या साखळ्या त्यांनी पायरीपायरीने सारख्या करत आणल्या. २००७ मध्ये साम्य ८८ टक्क्यांवर पोचले, २००९ पर्यंत ९८ टक्क्यांवर. अखेर फरक उरला एकाच जागेचा: ४५ व्या ठिकाणी ल्युसिन असेल तर जीएची घडी, टायरोसिन असेल तर जीबीची.

हे जमले कसे, याचे उत्तर साखळीच्या टोकांत आहे. जीएच्या घडीत दोन्ही टोके मोकळी लोंबतात. तीच टोके जीबीमध्ये मधल्या बीटा पट्ट्या होतात. त्यामुळे जीबीला लागणारी अमिनो आम्ले जीएच्या टोकांना लावून ठेवली तरी त्याचे फारसे बिघडत नाही. अर्थात, साम्य वाढत गेले तशी दोन्ही घड्यांची स्थिरता घटत गेली. तराजू असा काठावर आला म्हणूनच एका अमिनो आम्लाचे वजन निर्णायक ठरले. सर्वसाधारण प्रथिनात एवढ्याशा बदलाने घडी पालटत नाही.

२०२० नंतर अल्फाफोल्ड या संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालीने क्रमावरून घडी वर्तवण्यात मोठी मजल मारली आणि २०२४ च्या नोबेलमध्येही त्याला वाटा मिळाला. तरी एकाहून अधिक घड्या घेणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत तो बहुधा एकच घडी दाखवतो. अशा ठिकाणी अजूनही एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद) सारख्या प्रत्यक्ष प्रयोगावाचून निर्वाळा देता येत नाही.